हुरड्याचा आबदार

सटवाजीबाबाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचा डावा हात लुळा आहे.

लग्न होऊन मी जालन्याहून सासरी आले त्याला दोन महिनेही झाले नव्हते. आमचं गाव तीर्थपुरीपासून दोन कोसांवर, गोदावरीच्या अंगाला. पौषातली सकाळ होती आणि नदीकडून असं वारं येत होतं की बोलताना दात वाजावेत. मळ्यात हुरड्याला पाहुणे जमले होते. मधे आगटी, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाचा खड्डा. त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर खायचे. त्या घोळक्यात साठीचा, उंच, काळा, पांढराशुभ्र पटका बांधलेला एक म्हातारा फुलपात्रं वाटत फिरत होता. सगळं उजव्या हातानं. डावा हात पाठीवर. पाहुण्याच्या हातात फुलपात्र दिलं की तो पाठ न दाखवता तीन पावलं मागे सरकायचा आणि मग वळायचा.

"बिचाऱ्याच्या हाताला काय झालं गं?" मी नणंदेला विचारलं.

शेवंतानं पदर तोंडात कोंबला. हसून हसून तिचे डोळे भरले. "वैनी, हात चांगला धडधाकट हाय. साहेब लोकांत असंच वाढत्यात म्हणं."

सटवाजीबाबा धनगर. जालन्याला साहेबांची छावणी होती त्या काळात तो मेंढरं पोचवायला तिथे जायचा आणि एक दिवस तिथेच राहिला. साहेबांच्या खानावळीला ते मेस म्हणायचे आणि तिथली पेयं सांभाळणाऱ्याला आबदार. भांडी घासता घासता सटवाजी आबदार झाला. पुढे छावणी उठली, साहेब गेले, आणि हा गावी परतला तो पाठीवरचा हात आणि थंडीच्या सकाळी माणसाला आतून ऊब देणारं पेय बनवायची विद्या घेऊन. मेसमधली बाटली इथे कुठून मिळणार? त्यानं कलालाच्या दुकानातली मोहाची दारू घेतली आणि तिलाच साहेबी रिवाज शिकवला.

मी जालन्याची, चौथी शिकलेली. वडील जिनिंगमध्ये कारकून. माहेरी दारूचा शब्द निघाला तरी आई चूळ भरायची. त्यामुळे पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, खोटं कशाला सांगू? मनात म्हटलं, अगं बाई, दिवसाढवळ्या, दहा वाजता, देवाधर्माची माणसं असलेल्या घरात हे काय चाललंय? पण थोड्या वेळानं वाऱ्यावर वास आला. आलं, दालचिनी, लवंग, गूळ आणि त्यावर संत्र्याच्या सालीचा. खोटं बोलत नाही, तोंडाला पाणी सुटलं.

त्याच्या पेयाचं नाव पंच. त्यात पाच गोष्टी लागतात म्हणून पंच, असं तो सांगायचा. गोड, आंबट, तिखट, पाणी, आणि पाचवीचं नाव तो बायकांसमोर घेत नसे. नुसता "आणि ती" म्हणायचा. कल्हईच्या पातेल्यात गुळाचं पाणी, त्यात ठेचलेलं आलं, दालचिनी, चार लवंगा, मिरी, लिंबू, संत्र्याची साल. पाणी तिसरा हिस्सा आटलं की पातेलं खाली उतरवायचं आणि मगच मोहाची ओतायची. आगीवर कधीच नाही. "आगीवर टाकली की तिचा जीव उडून जातो. मंग राह्यलं काय? काढा." कोणी घाई केली की म्हणायचा, "जल्दी न्हाई. आग आपली नौकर हाय का?"

आणखी एक होतं, अंड्याचं. साखर, अंडं आणि मोहाची खूप फेटायची आणि आगटीत लाल केलेलं खुरपं त्यात बुडवायचं. चर्र व्हायचं, फेस वर यायचा, आणि पाहुणे "अरे बापरे!" करून मागे सरकायचे. त्याला तो 'फिलीप' म्हणायचा. त्याच्यासाठी त्यानं एक खुरपं वेगळं ठेवलं होतं आणि त्याला मातीचा कण लागू देत नसे.

बायकांसाठी आणि माळकऱ्यांसाठी दुसरं पातेलं असायचं. त्यात दूध, खारीक, खसखस, सुंठ, आणि 'ती' बिलकुल नाही. दोन्ही पातेली जवळ यायची नाहीत, डाव वेगळा, गाळायचं फडकं वेगळं. पुरुषांचं पातेलं आगटीच्या पूर्वेला, आमचं कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करून पश्चिमेला.

त्याचे नियम होते आणि ते पाटलालाही लागू होते. पाटील म्हणजे माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. गावावर त्यांचा आवाज चालायचा. पण सटवाजीबाबाच्या पातेल्यापुढे तेही पाहुणे. पहिला नियम, रिकाम्या पोटी नाही, आधी दोन मुठी हुरडा. दुसरा, तिसरं फुलपात्र कुणालाच नाही. मामंजींनी एकदा तिसऱ्यांदा हात पुढे केला तर बाबानं फुलपात्र घेतलं, फडक्यानं पुसलं आणि खिशात घातलं. मामंजी लाल झाले.

"सटव्या, मळा कुणाचा हाय?"

"मळा तुमचा, मालक. पातेलं माझं."

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला आणि एकदम हसत सुटले. "हाय का न्हाई साहेबाचा बच्चा!" त्या दिवसापासून मामंजी तिसऱ्यांदा हात मुद्दाम पुढे करायचे, आणि बाबा मुद्दाम फुलपात्र खिशात घालायचा. पाहुण्यांना तो खेळ बघायला आवडायचा.

आता मुख्य गोष्ट. हा आबदार, हजारो फुलपात्रं भरलेला माणूस, स्वतः माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात एक थेंब जिभेला लागलेला नाही. त्याचा बाप पिऊन पिऊन मेला होता, एका थंडीच्या पहाटे मेंढवाड्याच्या कुडाला टेकून. मेसमधली नोकरी लागली तेव्हा आई छावणीच्या फाटकापर्यंत गेली, माळ घातली आणि म्हणाली, "हाताला लागू दे. जिभंला लागली तर मी तुझी आई न्हाई." ती बाई मरूनही तीस वर्षं झाली असतील. बाबा तिचा शब्द सांगताना आवाज खाली करायचा, जणू ती शेजारच्या खोलीत आहे.

मग चव कशी बघायचा? नाकानं. पातेलं उतरवलं की पटका थोडा मागे सारायचा, डोळे मिटायचे, आणि तळहातानं वाफ स्वतःकडे ओढायची. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओढली की निकाल. "मिरी चार दाणे." "गूळ जास्त झाला, साल टाका." चाळीस वर्षं त्याचा निकाल चुकला नव्हता. आम्ही बायका आडोशातून बघायचो आणि शेवंता त्याची नक्कल करायची, डोळे मिटून, कढीच्या पातेल्यावर.

एक प्रसंग सांगते. तहसीलचे एक अंमलदार हुरड्याला आले होते, घनसावंगीकडून, दोन शिपाई बरोबर घेऊन. त्यांना गावच्या मोहाचा भरवसा नव्हता. स्वतःची ब्रँडीची बाटली आणली होती. बसल्या बसल्या म्हणाले, "बुढे, हमारी इस से बनाओ. और पहले पिलाओ, खाना बाद में."

"हुजूर, पेट खाली है. पहले दो मुठ्ठी हुरडा." बाबा हात पाठीवर ठेवून उभा. अंमलदार चिडले, पण मामंजींनी कणीस पुढे केलं आणि ते खाऊ लागले. तेवढ्यात बाबानं बाटलीचं बूच काढलं, नाकाशी नेलं आणि थांबला. मग त्यानं बूच लावलं आणि सावकाश मागच्या शिपायाकडे बघितलं. शिपाई पांढराफटक.

"हुजूर, बाटली रास्ते में बहुत हिली है. आज मत लो, पेट बिगडेगा. हमारे यहां की लो."

अंमलदारांनी आमचं पंच घेतलं आणि खूश होऊन गेले. त्यांनी दुसऱ्यांदाही मागितलं. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, बाटलीत काय होतं?"

"अर्ध्याला अर्धा चहाचं पाणी होतं, माय. शिपायानं रस्त्यात पिऊन चहा भरला आसंल." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "लहान लेकरं आस्तील त्याला. नौकरी गेली आस्ती. कुणाला बोलू नको." मी बोलले नाही. आज लिहितेय, पण आता तो शिपाईही नसणार.

तर असं हे नाक. आणि तेच गेलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. एका पावसाळ्यात बाबाला मोठा ताप आला, त्यावर पडसं, आणि पडसं महिनाभर हललं नाही. ताप गेला, चालणं-फिरणं सुरू झालं. कुणाला काही कळलं नाही. मला दिवाळीच्या सुमाराला थोडा संशय आला. बाबा आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आत्याबाईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी बोलत बसला होता आणि त्याच्या पाठीशी चुलीवर दूध करपत होतं. मी दुसऱ्या खोलीतून वास घेऊन धावत आले आणि हा शांत बसून मेंढरांच्या गोष्टी सांगतोय. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नसेल. माझं डोकं तरी किती चालणार?

त्या वर्षी पौषात शेवंताच्या लग्नाची बोलणी होती. मुलाकडचे सात जण हुरड्याला येणार होते. मामंजींनी चार दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. गूळभेंडी ज्वारी निवडून ठेवली, घरच्या म्हशीचं दही, वांग्याचं भरीत, बोरं, पेरू. आणि सटवाजीबाबाचं पंच. लढाईमुळे घासलेट मिळत नव्हतं, पण घासलेटचे रिकामे डबे प्रत्येक घरात असायचे. कुणी त्यात धान्य ठेवी, कुणी पाणी भरी. डबा राखेनं घासायचा, उन्हात ठेवायचा, आठवडाभर वाट बघायची आणि मग वापरायचा. ज्या गड्यानं त्या दिवशी मळ्यात पाणी आणलं त्यानं एक डबा नीट घासला नव्हता. माणूस नवा होता, त्याला काय माहीत.

बाबा पाणी घेण्याआधी भांडं हुंगायचाच. त्या दिवशीही हुंगलं. सगळ्यांनी बघितलं. मग गूळ, आलं, लवंग. पातेलं उतरवलं, मोहाची ओतली. पटका मागे सारला, डोळे मिटले, तळहातानं वाफ ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि म्हणाला, "बराबर."

मला आडोशातही वास आला. मी उठले, बसले. सून माणूस, पुरुषांच्या बैठकीत ओरडू कशी? तोवर पहिलं फुलपात्र मुलाच्या बापाच्या हातात गेलं होतं.

त्यांनी घोट घेतला आणि बाजूला थुंकला. "घासलेट! पाटील, थट्टा करून राह्यले का काय आमची?"

जे व्हायचं ते झालं. मुलाचा काका उठून उभा राहिला. मामंजींनी माफी मागितली. मामंजींनी! त्यांनी कुणापुढे मान खाली घातलेली मी त्याआधी बघितली नव्हती. आणि तो सगळा अपमान घेऊन ते बाबावर उलटले. "चाळीस वर्षं नाकाचा तोरा मिरवला, सटव्या! नाक हाय का बुजगावणं हाय? चाल नीघ!" बाबानं ना पाण्याचा दोष काढला, ना गड्याचा. पातेलं दोन्ही हातांनी उचललं. वाढप चालू असताना डावा हात पाठीवरून पुढे आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. बांधापलीकडे जाऊन पातेलं ओतलं, धुतलं, उपडं घातलं, आणि गावाकडे चालायला लागला.

लग्न मोडलं नाही, हे आधीच सांगते. मुलगा शेवंताला बघून गेला होता आणि हिच्याशीच करणार म्हणून अडून बसला होता. पण बाबा आमच्या दाराशी यायचा बंद झाला.

तिसऱ्या दिवशी मी शेवंताला घेतलं, घोंगडी आणायचं निमित्त काढलं आणि धनगरवाड्यात गेले. बाबा अंगणात बसून लोकर पिंजत होता. मी पदराच्या टोकात घट्ट बांधून हिंगाची डबी नेली होती. ती उघडी करून त्याच्या शेजारी ठेवली. त्यानं मान वर केली नाही. लोकर पिंजत राहिला.

"बाबा, शेजारी काय ठेवलंय?"

तो थांबला. डबीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कळलं तुला," म्हणाला.

"कधीपासून?"

"तापापासून, माय. काहीच येत न्हाई. लवंग न्हाई, शेण न्हाई, लेकराचं डोकं न्हाई." अंगणात खेळणाऱ्या नातवाला जवळ घेऊन त्यानं डोकं हुंगून दाखवलं आणि मान हलवली. ते बघून शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

"मग त्या दिवशी बराबर का म्हणालात?"

"काय म्हणू? इतक्या लोकांत नाक गेलं म्हणू? मला वाटलं, हात तर त्योच हाय, माप त्येच हाय, चुकतंय कुठं. डब्याचं कोण धरून बसलं व्हतं."

शेवंता म्हणाली, "मंग एक बोट लावून चाखायचं की बाबा. देव काय मारतोय का? कामापुरतं."

बाबानं माळेवर हात ठेवला. चिडला नाही. "मालकही त्येच बोलले. काल निरोप आल्ता, माळ काढ, चाख, आन् परत ये, झालं गेलं गंगेला मिळालं. मालकाचं मन मोठं हाय. पर आईला काय सांगू?" माळ चाचपत म्हणाला, "ह्ये काम गेलं तर मी कोण हाय गं? मेंढरं पोरं बघत्यात. शेत न्हाई. हुरड्याचे दोन महिने मी आबदार आस्तो. बाकीचे दहा महिने त्याचीच वाट बघतो."

मी काही विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं. "माझं नाक घ्या."

बाबानं कानाला हात लावला. "पाटलाची सून मोहाची हुंगणार? मालक मला उभा गाडतील."

"त्यांना कळलं तर ना!"

अशी आमची युक्ती ठरली. बाबा हुरड्याला परत आला. मामंजींनी "ये" एवढंच म्हटलं. पंच तयार झालं की बाबा पातेलं घेऊन बायकांच्या आडोशापाशी यायचा. निमित्त काय, तर इकडे वारा कमी, वाफ धरते. पटका मागे, डोळे मिटले, तळहात. आणि आडोशाच्या या बाजूला मी पेंढ्यांच्या फटीला नाक लावून. एकदा बांगड्या वाजल्या की आलं कमी. दोनदा वाजल्या की गूळ. तीनदा म्हणजे मिरी. काहीच नाही वाजलं तर बराबर. भांडं आणि पाणी आम्ही घरूनच हुंगून पाठवायचो. आत्याबाईंना दुसऱ्याच खेपेला कळलं. त्या म्हणाल्या, "नीट हुंग गं. मागच्या बारीला मिरी कमी व्हती म्हणत व्हते लोक." म्हणजे बघा!

एकदा माझ्या हातावर माशी बसली. मी तीनदा हात झटकला, बांगड्या तीनदा वाजल्या. बाबानं मिरी टाकली. ती परत बसली, मी परत तीन झटके दिले. बाबानं परत टाकली. माशी मोठी चिवट. त्या दिवशी पाहुणे खोकत होते, डोळे पुसत होते आणि एकमेकांना म्हणत होते, "आज सटवाजीचा हात काय तेज हाय!" आडोशाआड शेवंता आणि मी एकमेकींच्या मांडीत तोंड खुपसून हसत होतो. पाहुण्यांनी पुढच्या वर्षी तेच 'तेज' मागितलं. बाबानं मला संध्याकाळी विचारलं, "माय, मिरीचं माप काय धरायचं आता? माशीचं?"

तीन हंगाम असे गेले. बाबाची मान परत ताठ झाली. शेवंता सासरी गेली तरी हुरड्याला माहेरी यायची, सासऱ्याला घेऊन, आणि तो मनुष्य आधी फुलपात्र हुंगून मगच प्यायचा. बाबा त्याला सगळ्यांत आधी द्यायचा. पाठ न दाखवता, तीन पावलं मागे.

मग ते वर्ष आलं. इंग्रज गेले होते आणि आमच्या संस्थानाचं काय होणार कुणाला ठाऊक नव्हतं. रस्त्यांवर भीती होती. गावातली निम्मी घरं बायकापोरं घेऊन हद्दीपलीकडे वऱ्हाडात, खानदेशात गेली होती. ज्वारी हुरड्यात आली आणि भाजायला माणूस नव्हता. पाखरांनी कणसं खाल्ली. आम्ही गेलो नाही, कारण मामंजी अंथरुणावर होते. पोटाचं दुखणं, उतारा नव्हता. त्यांच्या तोंडाची चव गेली होती. पंधरा दिवस ते एकच बोलत होते, "माती लागतीय. दूध दिलं तरी माती. पाणी दिलं तरी माती." मी साखर दुप्पट घालून बघितली, मीठ घालून बघितलं. "माती," म्हणायचे आणि वाटी सारायचे.

एका सकाळी मी शेजारच्या गल्लीत बाळंतिणीला बघायला गेले होते. परत आले तर घरात लवंगेचा वास. माजघरात मामंजी खाटेवर उशीला टेकून बसलेले. खाली शेगडी, शेगडीपुढे सटवाजीबाबा. मामंजींनीच गडी पाठवून बोलावलं होतं. पातेलं लहान होतं, एका माणसापुरतं. मी दारात आल्याचं बाबाला कळलं नाही, त्याची पाठ माझ्याकडे होती.

तो पातेल्याकडे बघत बसला होता. पटका मागे सारला नव्हता. तळहात मांडीवर होता. मग त्यानं फुलपात्र भरलं, मामंजींच्या हातात दिलं, आणि एरवी तीन पावलं मागे सरकणारा माणूस तिथंच खाटेपाशी गुडघ्यावर बसला.

"मालक," तो म्हणाला, "कसं झालंय? मला कळत न्हाई. मला चार वर्षं झाली, कळत न्हाई."

चाळीस वर्षांत त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. साहेबाला नाही, अंमलदाराला नाही. माझ्या बांगड्यांनासुद्धा त्यानं कधी तोंडानं विचारलं नव्हतं. आणि त्याच वेळी मला वास आला. लवंग दुपटीनं पडली होती, गूळ तळाला लागला होता. मी पुढे पाऊल टाकलं.

मामंजींनी मला बघितलं. डोळ्यांनी दाबून सांगितलं, थांब. मग त्यांनी घोट घेतला. तोंडात धरला, सावकाश गिळला. ज्या तोंडाला पंधरा दिवस सगळं माती लागत होतं त्या तोंडानं त्यांनी विचार केला, बराच वेळ.

"आलं कमी हाय," म्हणाले.

बाबानं झटकन आलं ठेचून टाकलं. "आता, मालक?"

दुसरा घोट. "गूळ किंचित."

"आता?"

"साल न्हाई टाकली का रे? टाक. पाटलाला देतोस, भिकाऱ्याला न्हाई."

बाबा हसला. इतक्या दिवसांत असा हसलेला मी बघितला नव्हता. त्यानं साल टाकली, हलवलं, फुलपात्र परत भरलं. त्याचा डावा हात आपसूक पाठीवर गेला होता. मामंजींनी ते दुसरं फुलपात्रही तळापर्यंत संपवलं. त्या बिचाऱ्या पोटात ते कसं गेलं असेल त्यांनाच माहीत. मिशी पुसली आणि म्हणाले, "आता बराबर. ह्यापेक्षा बराबर तू आजपावतो केलं नव्हतं."

बाबानं शेगडी विझवली, पातेलं पुसलं आणि माझ्या बाजूनं दारातून बाहेर पडला. मी ओट्यावर येऊन उभी राहिले. ऊन चढलं होतं. ओस पडलेल्या गल्लीतून तो धनगरवाड्याकडे चालला होता. वाटेत एक म्हातारी दारात बसली होती, तिनं काहीतरी विचारलं. तो थांबला. मला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मालकाला पंच देऊन आलो. मालक म्हणले, असं कधी झालं न्हाई."

आत आले तेव्हा मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "सूनबाई," म्हणाले, "पाणी दे. तोंडात नुसती माती हाय."